मानस

आगरवाड्याच्या मिठागरात फेब्रुवारी लागला
की घोट्यांना मीठ, कोपरांना मीठ,
मिशीच्या टोकालासुद्धा.
आणि एका जागी घामाबरोबर उतरलं
की मी बांधावर मटकन बसायचो,
वहाण शोधत असल्यासारखा.
सगुण लांबून विचारायचा, काटो?
मी म्हणायचो, काटो.
बावीस वर्षं, एकच काटा.

घरी न्हाणीत कडी लावून
लाल साबणाने घासायचो,
जणू कढईचं बूड.
घाण आहे म्हणून दुखतं असं वाटे,
दुखे म्हणून आणखी घासायचो.
कातडी तोंडाशी आखडलेली, अरुंद.
ती ओढून मागे नेणं म्हणजे मर्दपणा
असं कुठूनसं डोक्यात बसलेलं.
मग बारीक चिरा.
मग लघवीला उभं राहिलं
की डोळ्यांपुढे मिठाची रास,
पांढरी, भर उन्हात.
सुलक्षा बाहेरून म्हणायची,
पाणी निवलं असेल एव्हाना.

तुयेच्या इस्पितळात दोनदा गेलो,
दोनदा खोकल्याचं औषध घेऊन आलो.
तिसऱ्यांदा डॉक्टर कायतान म्हणाला,
खोकला तर ऐकू येत नाही.
मी फरशीकडे बघितलं.
त्याने पडदा ओढला, हातमोजे चढवले,
पायाची जखम बघावी तसं बघितलं.
हसला नाही. तेवढ्यानेच
मला रडू यायचं राहिलं.

साबण बंद, म्हणाला. वासाचा तर नकोच.
कोमट पाणी. आधी मनगटावर घालून बघ.
आपणहून जेवढी मागे सरते तेवढीच,
दुखायच्या अलीकडे थांब.
पाणी नुसतं वाहू दे,
बोटाने हलकं फिरव, खरडू नकोस.
जुन्या मऊ पंचाने टिपून घे,
आणि परत पुढे आण. हे विसरायचं नाही हां.
मागे अडकून सुजली तर
सकाळची वाट बघायची नाही,
रिक्षा मिळेल ती पकड आणि ये.

मलम लिहून दिलं, काही आठवड्यांचं.
त्याने नाही जमलं तर पुढचे उपाय आहेत,
तेव्हा बोलू.
मी विचारलं, दिवसातून किती वेळा?
एकदा. बाकी वेळ
बिचारीला तिच्यापाशी राहू दे.

येताना मानशीजवळ बसलो.
लाकडाची ती दोन दारं
भरतीला मिटतात, ओहोटीला उघडतात,
कुणी हात लावावा लागत नाही.
विशीत असताना घाई होती म्हणून
मी पहारीने उचकटायला गेलो होतो त्यांना.
फळी तडकली, खाडी आत घुसली,
सात कोंड्यांतलं जमू आलेलं मीठ
एका रात्रीत पाणी.
म्हातारा गुणो ओरडला नाही तेव्हा.
फळीवरून हात फिरवत एवढंच म्हणाला,
दार आपलं नव्हे रे, पाण्याचं.

आता चुलीच्या कडेला
एक लहान टोप वेगळा असतो.
मी सांगितलं नव्हतं. सुलक्षाच ठेवते,
वर ताटली झाकून,
आणि तेवढ्यात तिला अंगणात काही काम निघतं.
पहिले दिवस हात सवयीने साबणाकडे जायचा.
चैत्र संपेतो चिरा भरल्या.
आखडलेपण अजून आहे थोडं,
असो.

काल तिसऱ्या प्रहरी
फळ्याने मीठ ओढता ओढता
सगुण मध्येच खाली बसला.
वहाण शोधत होता.
दोन्ही पायांत होत्या.

मी काटो विचारलं नाही.
शेजारी बसलो. खाडीकडे बघत म्हटलं,
कायतान मंगळवारी असतो.
मी येईन बरोबर.
तोवर
साबण बंद कर.